दोरीबद्दल मी कोर्टात सांगितलं

बाई, आज महाडच्या कोर्टात मी शिक्षेवर बोलले, आणि अगदी तुम्ही शिकवलंत तसंच बोलले. तुम्ही ऐकायला नव्हतात हे बरंच झालं.

तुमच्याकडे ज्युनिअर म्हणून लागले तेव्हाचा माझा पहिला युक्तिवाद आठवतो. पहिलाच गुन्हा, तरुण वय, घरची जबाबदारी, दया व्हावी. संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरात मी दाराशी उभी आहे, तुम्ही तांदळाची भाकरी थापताय. "हे कुणाबद्दलही म्हणता येतं," तुम्ही मागे न बघता म्हणता. "तो माणूस कुठं होता त्यात? त्याचं घर बघून आलीस?" त्या दिवशी तुम्ही मला जेवून जा म्हणाला नाहीत. तेव्हापासून मी घरं बघत आले.

या वेळी निकालाच्या आदल्या आठवड्यात कुडपणला, अशिलाच्या गावी गेले. माझी अशील पन्नाशीची. नवरा दारू पिऊन स्वतःच्या आंधळ्या आईवर धावून गेला, तेव्हा हिनं मुसळ उचललं. पहिल्या घावानं तो पडला. पडल्यावर हिनं दुसरा घातला. त्या दुसऱ्या घावाचं माझ्याकडे उत्तर नव्हतं. जामिनावर सुटल्यापासून ती सासूजवळच राहत होती, दोघी एकाच चुलीवर. घराच्या दारापासून परसातल्या मोरीपर्यंत तिनं सुंभाची दोरी बांधली होती, म्हातारीला धरून जाता यावं म्हणून. पायरी जिथं येते तिथं दोरीला गाठ.

कोर्टानं खून धरला नाही, सदोष मनुष्यवध धरला. शिक्षेबद्दल काही सांगायचंय का, असं साहेबांनी विचारल्यावर ती एवढंच म्हणाली, "आयला दिसत नाय." सासूला ती आय म्हणते.

मग मी उठले. दोरी सांगितली, गाठ सांगितली. ही आत गेली तर त्या म्हातारीला हाताला धरून मोरीवर नेणारं कुणी नाही, म्हणाले. साहेबांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. मला वाटलं, जमलं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला. म्हातारी मुंबईहून आलेल्या पुतण्याचा खांदा धरून उभी राहिली होती. "माझ्या नावानं मागू नको गो बाय," ती म्हणाली. "तो माझा पोर व्हता."

शिपायानं तिला बसवलं. माझी अशील खाली बघत राहिली. मी आणखी दोन वाक्यं बोलले असेन. काय बोलले ते आठवत नाही. सात वर्षांची शिक्षा झाली.

व्हरांड्यात पुतण्या म्हातारीला घेऊन माझ्याकडे आला. तिनं चाचपडत माझा हात धरला. रागानं नाही. "सात वर्सं म्हंजे बरीच गो," ती म्हणाली. "मंग आता माझं कोन करनार?" पुतण्या दुसरीकडे बघायला लागला. त्याला मुंबईला परतायचं होतं. मी म्हटलं, अपील करू. तिला अपील कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर माझाही त्यावर विश्वास नव्हता. ती पुतण्याचा खांदा धरून एसटी स्टँडकडे गेली.

इतकी वर्षं मला वाटत होतं की नीट बघितलं, नीट सांगितलं, की माणसाला थोडं तरी वाचवता येतं. आज नीट सांगितलं. एका बाईचा मुलगा मेला होता, आणि तिच्या आंधळेपणाचा मी मुद्दा केला.

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, हे कुठं पाठवणार? फायलीतच राहील. पण एक गोष्ट कोर्टात कुणाला सांगितली नाही. कुडपणला मी त्या म्हातारीशेजारी तासभर बसले, कोरा चहा प्यायले. "तुमच्या नावानं दया मागू का?" एवढं तिला विचारायला वेळ भरपूर होता. विचारलं नाही. ती नको म्हणेल, हे मला तेव्हाच माहीत होतं.