माप बरोबर होतं

अण्णा, माप बरोबर होतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे तुम्हाला तोंडावर सांगायचंच आहे. लांज्याच्या घरी पडवीत रविवारी तुम्ही जनावरं तपासायचात आणि सिरिंज मी भरायचे. त्या रविवारी बागवाले काका त्यांचा लांब केसांचा विलायती कुत्रा घेऊन आले, अंगभर खरूज. गावठी कुत्र्यांना तुम्ही द्यायचात तेच इंजेक्शन मी वजन बघून भरलं. तुम्ही सिरिंज उजेडात धरून पाहिलीत, मान डोलावलीत आणि टोचलीत. दुसऱ्या दिवशी कुत्रा झिंगल्यासारखा आडवा झाला तो उठलाच नाही. काका दारात उभे. "डॉक्टर, काय टोचलंत हो त्याला?" आणि तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. "पोरीच्या हातून माप चुकलं." मी तेरा वर्षांची होते. शाळा संपेपर्यंत मी गावात कुत्रा मारणारी म्हणून ओळखली गेले.

आता रत्नागिरीच्या कॉलेजात औषधं अंगात कशी शोषली जातात ते शिकवते. कुत्र्याच्या मूत्रपिंडातल्या पेशींचा पातळ थर वाढवायचा, वरून औषध घालायचं, खाली किती उतरलं ते मोजायचं. त्या पेशींत एक प्रथिन असतं, आत शिरलेलं औषध उपसून बाहेर टाकणारं. माणसातही तसंच असतं, म्हणून तर कुत्र्याच्या पेशी कामाला येतात. मेंदूच्या वेशीवरही तेच राखण करतं. त्या लांब केसांच्या जातीत पुष्कळ कुत्र्यांमध्ये ते जन्मतःच बिघडलेलं असतं आणि खरजेचं ते औषध मेंदूत साठत जातं. गावठ्याला मानवलेलं माप त्याला विष झालं. हे तेव्हा लांज्यात कोणाला ठाऊक असणार! ती चूक तुमचीही नव्हती. पण सिरिंज स्वतः पाहून पोरीला पुढे केलंत, ते ठाऊक असून केलंत. पंचेचाळिशी उलटली, तरी ते मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. मला हे सगळं तुम्ही असतानाच कळलं होतं. एम.फार्म.च्या सुट्टीत घरी आले होते, तुम्ही आजारी होतात. आपणहून म्हणालात, "तो कुत्रा कशानं गेला असेल गं? अजून मन खातं मला." उत्तर माझ्या जिभेवर होतं. "मला काय ठाऊक," म्हटलं आणि चहाचे कप उचलून आत गेले.