चिल्हार फाट्यापासून मी मेलो असे धरावे

लिहून ठेवणार : निमेश नामदेव तामोरे, वय तेवीस, राहणार दातिवरे, तालुका पालघर. शिक्षण नववी, तीही पूर्ण नाही. डोकं ठिकाणावर आहे (आईचं मत वेगळं आहे), प्यायलेलो नाही, कुणी धमकावलेलं नाही. जे लिहितोय ते स्वखुशीने.

कारण असे की, उद्या मी सरावलीच्या रूपेशच्या ट्रकवर क्लीनर म्हणून लुधियानाला निघतोय, तिथून पुढे गाडी नेईल तिकडे. आई म्हणाली, "ट्रकवर गेलास तं माज्यासाठी मेलास." आईचा शब्द मी आजवर मोडत आलो, हा एक पाळतो. तरी ट्रक बोईसरच्या रस्त्याने येऊन चिल्हार फाट्यावर हायवेला वळला, की त्या क्षणापासून मी मेलो असे धरावे. परत आलो तर भूत समजू नये, चहा टाकावा.

कलम एक. घर आईचं आहे, ते मी आईलाच देतो.

कलम दोन. सायकल शेजारच्या देवूला. तो सहावीत आहे. सायकलला ब्रेक नाहीत, देवूलाही नाहीत, दोघांचं जमेल. बेचकीही त्यालाच, रबर काढून घेतलं आहे.

कलम तीन. बोईसरला शिकवणी चालवणारे कैलास सर माझ्याबद्दल चारचौघांत म्हणाले होते, "नववी नापास पोरगा काय शिकवणार?" त्यांना माझं नववीचं प्रगतिपुस्तक. त्यांच्या फलकावर गुणवंतांचे फोटो असतात, खालच्या कोपऱ्यात जागा आहे, मी बघून आलोय. सर बोलले ते खरंच होतं. खोटं असतं तर मी केव्हाच विसरलो असतो.

कलम चार. हे लांबेल. जमनाकाकीच्या वलांडीखालचा अभ्यास.

वलांडी म्हणजे बोंबील सुकवायची बांबूंची मांडणी. जबड्यात जबडा अडकवून बोंबील टांगतात आणि कावळे ते पळवतात. काकीला राखण हवी होती, पाचवी ते आठवीच्या पोरांना बसायला जागा. आठवीतल्या चिमीचंच बघा, घरात एक खोली, सहा माणसं आणि त्या सगळ्यांपेक्षा मोठ्याने बोलणारा टीव्ही. म्हणून शाळा सुटली की पोरं पुस्तकं घेऊन वलांडीखाली.

नियम मी केले ते असे. कावळा येईपर्यंत मान वर करायची नाही. आला की ज्याची पाळी त्याने उठायचं, हाकलायचं आणि आत्ता वाचलेलं पुस्तकात न बघता ओरडून सांगायचं. कावळा काठीपेक्षा भूगोलाला जास्त घाबरतो. उठताना ओळीवर शिंपला ठेवायचा, परत बसलं की तिथूनच पुढे. सुकत घातलेली मासळी उलटतात तसा कालचा धडा आज एकदा उलटून बघायचा. परीक्षेच्या आदल्या दिवशी सगळं एकदम वाळवायला गेलं तर वरून कडक, आतून कुजकं. फोन सुकटाच्या टोपलीत, मग कुणाला कानाला लावावासा वाटत नाही.

(सुकटावरून आठवलं. एकदा काकीचं सुकट पालघरच्या बाजारात पोचवायला निघालो आणि वाटेत सिनेमा बघायला शिरलो, टोपलीसकट. पूर्ण रांगेत मी एकटा, पाय पसरून. असो.)

आता भानगड अशी. काकी म्हणते, "तू हायस तवर पोरं येतात. तू गेलास नि पोरं आली नाय, तं मी वलांडीवर जाळं टाकीन. मंग कावळे नाय, पोरं नाय, कटकट नाय." जाळं तिने आणूनही ठेवलंय. ते पडलं की चिमी परत टीव्हीसमोर.

म्हणून परवा मी मरून बघितलं. वलांडीजवळ रेतीवर उपड्या घातलेल्या होडीखाली शिरून बसलो. शाळा सुटली, पोरं आली. टोपलीत फोन पडल्याचा आवाज आला. मग फक्त पानं उलटल्याचा. मला वाटलं, आता विचारतील, आता विचारतील. तेवढ्यात होडीवर कावळा बसला. देवूने काठी हाणली ती बरोब्बर माझ्या डोक्यावरच्या फळीवर, आणि ओरडला, "पानांतून पाण्याची वाफ जाते त्याला बाष्पोत्सर्जन म्हनतात!" कान अजून वाजतोय. बाष्पोत्सर्जन मलाही पाठ झालं.

मग म्हणाला, "निमेशदादा नाय आला?"

"नाय आला तं बरं हाय," चिमी म्हणाली. "तो असला की गोष्टी सांगत बसतो. गप वाच."

मला बाहेर येऊन तिला टपली मारावीशी वाटली. पण बाहेर आलो असतो तर अभ्यास मोडला असता. पोरं घरी जाईपर्यंत मी होडीखालीच. आयुष्यात इतका वेळ एका जागी मी पहिल्यांदाच बसलो.

तरी माझं बसायचं गोणपाट चिमीला. मी त्यावर समुद्राकडे तोंड करून बसायचो, त्याचं काय झालं ते दिसतंच आहे. तिने पाठ करून बसावं. माझी जागा मात्र कुणालाच नाही. कावळा पुरेसा आहे.

कलम पाच. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही तर माझी काही इच्छा राहिली असं समजू नये. या पोरांनी गावात कावळा ठेवलेलाच नाही. तरी काकीला हात जोडून काही म्हणायचंच असेल, तर तिने एवढं म्हणावं : "जाळं टाकत नाय." मी स्वतः येऊन शिवतो.

ठिकाण : दातिवरे
दिनांक : ९ डिसेंबर २०२५
सही : निमेश नामदेव तामोरे

साक्षीदार पहिली : जमना मेहेर. (जाळं कोंबड्यांवर टाकलं. चिमी बोलली ते मी बी ऐकलं. खरं बोलली.)

साक्षीदार दुसरा : रूपेश, सरावली. (गाडी सकाळी सुटेल. मेलेल्यांसाठी थांबणार नाही.)

आईला घर मिळालेलं असल्यामुळे तिला साक्षीदार होता येत नाही असं मी सांगितलं. तरी तिने खाली लिहिलंच :

मेल्या, भाकऱ्या बांधल्यात, घेऊन जा.