अर्धी पोकळ गिटार

सर, मी गिटार घेतली. तुम्ही असता तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असता, "आता? काहून?" म्हणून आधी काहून ते सांगते. गेल्या वर्षी सकाळी कणीक मळताना माझ्या डाव्या हातानं ऐकणं सोडलं. परातीचा काठ धरून होता, तिथंच राहिला. उजवा हात मळतोय आणि डावा पाहुण्यासारखा नुसता बसून आहे. मी यांना हाक मारली, तर शब्दच नीट निघेनात. हे बाहेरून म्हणाले, "तोंडात काय हाय तुह्या?" मग दारात आले, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे एकही प्रश्न न विचारता गाडी काढली. प्रश्न न विचारणं हा यांचा स्वभाव नाही, त्यामुळे मी जास्त घाबरले. दवाखान्यात वेळेत पोचलो, थोडक्यात निभावलं. बोलणं लवकरच परत आलं. गेलं होतं त्यापेक्षा जास्त आलं, असं हे म्हणतात. हात मात्र हळूहळू येतोय. अंगठा आणि शेजारची दोन बोटं कामाला लागली, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून झोपेतून उठल्यासारखी वागतात. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी रबराचा लाल चेंडू दिला आणि दाबत बसा म्हणाल्या. चेंडू दाबणं म्हणजे काय कंटाळा असतो, सर. टीव्हीवर मालिका चालू आहे, त्यातली सून रडते आहे, मी चेंडू दाबते आहे. एके दिवशी खाली पाहिलं तर माझी बोटं चेंडू दाबत नव्हती, त्यावर गिटारची सी कॉर्ड धरायला बघत होती. कुणी सांगितलेलं नव्हतं त्यांना.

त्या दिवसापासून तुमची खोली आठवायला लागली. प्रताप नगरातलं ड्रायक्लीनिंगचं दुकान, बाजूनं वर जाणारा अरुंद जिना, जिन्यात इस्त्रीच्या वाफेचा वास. तुम्ही दिवसभर वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात बुकिंग क्लार्क, संध्याकाळी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटारवाले आणि रविवारी सकाळी आमचे सर. कार्बन पेपरची निळाई तुमच्या बोटांवर कायमची बसलेली. वर्गात मी एकटी मुलगी, आणि मी तारा इतक्या जोरात दाबते की तुम्ही कानावर हात ठेवता. "काहून वं, पाटा-वरवंटा हाय का तो? वाजव. वाटू नको." पोरं हसतात. मी मान खाली घालून पुन्हा वाटते.

शिकवायला तुम्ही आम्हाला साध्या लाकडी गिटार द्यायचे. तुमची स्वतःची मात्र भिंतीवर, दुधी कापडाच्या पिशवीत. ती सेमी-हॉलो आहे म्हणजे नेमकं काय, असं मी एकदा विचारलं, तर तुम्ही ती खाली काढलीत आणि टरबूज पाहावं तशी ठोकून दाखवलीत. कडेला ढब, मध्ये ठक. "मधी भरीव ठोकळा हाय, दोन्ही बाजूले पोकळ. पूर्ण पोकळ असली तं स्टेजवर कोकलते. पूर्ण भरीव असली तं लाइट गेली की मुकी. हे मधातली हाय. मशीन लावलं तं मंडपभर बोलते, नाही लावलं तं आपल्यापुरतं बोलते." माझं लग्न ठरलं, शेवटच्या रविवारी मी पेढे घेऊन आले, तेव्हा तुम्ही ती पिशवीतून काढून माझ्या मांडीवर ठेवलीत आणि म्हणालात, "मी चहा पिऊन येतो. तोवर हे तुही. हाच आहेर समज." तुम्ही पुष्कळ वेळ आला नाहीत. इतका वेळ कुणी चहा पीत नाही. मी उमरेडला सासरी गेले, पोरं झाली, नागपूरला परत आले तोवर तुम्ही गेला होता आणि दुकानावरच्या खोलीत शिकवणीचे वर्ग सुरू झाले होते.

तर मी यांना म्हटलं, मला सेमी-हॉलो घ्यायची आहे. साध्या गिटारच्या तारा माझ्या बोटांना आता दबणार नाहीत, विजेच्या गिटारच्या बारीक असतात. आणि भरीव घेतली तर प्रत्येक वेळी अ‍ॅम्पचं मशीन लावा, सगळ्या सोसायटीला माझी करंगळी ऐकवा. मला आपल्यापुरतं बोलणारी हवी. नवी चांगली आपल्या ऐपतीबाहेर, म्हणून वापरलेली. यांच्या घरी उमरेडला हातमाग होते, सासरे धोतराचा काठ बोटानं चाचपून धागा कुठे चुकला ते सांगायचे. हे हिंगण्याला कारखान्यात तपासणी विभागात होते, लोखंड चाचपायचे. आता निवृत्त झाले, पण तपासणी निवृत्त झालेली नाही. भाजीवालीची वांगीसुद्धा उजेडात धरून बघतात. ते उठले, कपाटातून आपली स्टीलची पट्टी, भिंग आणि जाडी मोजायचं व्हर्नियर काढलं, रुमालात गुंडाळलं आणि म्हणाले, "चाल मंग."

पहिली गिटार वाडीला, ट्रकांच्या रांगेमागे एका भाड्याच्या खोलीत. विकणारा तरुण, गोदामातच कामाला. फोनवर फोटो फार देखणा होता, मध-पिवळा रंग कडेला काळपट होत गेलेला, आणि दोन्ही बाजूंना ती इंग्रजी एफसारखी नक्षीदार भोकं. प्रत्यक्षातही देखणी होती. यांनी भोकाची खोली मोजायला पेन घातलं. पेन गेलं नाही. दुसऱ्या बाजूनं घातलं, तिथंही नाही. मग भिंग लावून पाहिलं आणि शांतपणे नखानं भोक उचकटलं. ते स्टिकर होतं.

"काका, ते डिझाइन हाय," तो म्हणाला.

"भोकाचं डिझाइन?"

"आजकाल असंच चालून राहिलं, काका."

यांनी अर्धवट सुटलेलं भोक परत नीट चिकटवून दिलं, वर अंगठ्यानं दाबलंही. परतीच्या वाटेवर मी इतकी हसले की गाडीवर मागे बसणं अवघड झालं. हे हसले नाहीत. "पेन नसतं तं फसलो असतो," एवढंच म्हणाले.

दुसरी गिटार तुमच्याच प्रताप नगरात, नव्या इमारतीत वरच्या मजल्यावर. इथं सगळं खरं होतं. भोकं खरी, ठोकळा खरा, मान सुतासारखी सरळ. यांनी पट्टी लावली, भिंग लावलं आणि नापसंत करायला काहीच न सापडल्यामुळे हिरमुसले. विकणारा मुलगा सभ्य, कंपनीत नोकरी करणारा, त्यानं आम्हाला पोहे दिले आणि स्वतः वाजवून दाखवली. सर, काय वाजवली म्हणून सांगू. बोटं दिसत नव्हती. वाजवून झाल्यावर ती माझ्या हातात न देता त्यानं यांच्याकडे बघून विचारलं, "कुणासाठी घेताय काका?" हे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी म्हटलं, "भाच्यासाठी." मला भाचा नाही, मला भाऊबहीणच नाही. मुलगा म्हणाला, मग त्याला एकदा घेऊन या ना. मी हो म्हटलं, पोहे छान झालेत म्हटलं आणि उठले.

खाली आल्यावर हे गाडीला किल्ली लावून तसेच उभे राहिले. "तू हात नाही लावला तिले," म्हणाले.

"त्याच्यासमोर कशी लावू?"

"मंग मी काय करू? लांबी मोजतो, जाडी मोजतो. आवाज कोणत्या पट्टीनं मोजू?" आणि थोड्या वेळानं, गाडी सुरू न करता, "अवं, वाकडं वाजलं तं वाकडं वाजन. हात तुहा हाय. लोकायचा नाही." मी रुमाल काढला. समोरचा पाणीपुरीवाला आमच्याकडे काळजीनं बघत होता, भांडण झालं असं त्याला वाटलं असावं. मी लाजेनं त्याच्याकडे जाऊन पाणीपुरी खाल्ली. उजव्या हातानं.

तिसरी हिंगणा रोडला, एका जुन्या बैठ्या घरात. जाहिरात घरातल्या बाईंनी टाकलेली, फोनवरही त्याच बोललेल्या. गिटार त्यांच्या यजमानांची, आणि यजमान घरातच होते. पलंगावर भिंतीला टेकून बसलेले, पांढऱ्या मिशा, नव्या जावयाकडे बघावं तसं आमच्याकडे बघत होते. बाईंनी लोखंडी पेटीतून, गोधड्यांच्या खालून, गिटार काढली. काळपट लाल रंग, कडेला पोपडे उडालेले. खोलीभर डांबरगोळीचा वास सुटला.

"घेऊ नका," यजमान म्हणाले. "मान वाकडी हाय तिची."

यांनी पट्टी लावली. "सरळ हाय."

"तारायले गंज हाय."

"तारा काय, बदलता येते," बाई म्हणाल्या. "ऐकू नका जी तुम्ही यांचं. वर्षं झाली, हात नाही लावला. पेटीत गोधड्या मावून नाही राहिल्या."

"अंदर काहीतरी तुटलं हाय," यजमान म्हणाले, आणि त्यांनी ती हलवून दाखवली. खरंच आत खडखड झालं. यांचे डोळे चमकले. भिंग आलं, मोबाइलचा उजेड आला, हे जमिनीवर पालथे झोपले आणि एका भोकाला डोळा लावून त्यांनी बराच वेळ तपासणी केली. मग उठून गंभीरपणे जाहीर केलं, "डांबरगोळी हाय." बाईंनी कसर लागू नये म्हणून पेटीत टाकलेली गोळी भोकातून आत गेली होती आणि मधल्या ठोकळ्यामुळे फक्त डाव्या खोलीत फिरत होती. हे खूश झाले. गिटार खरोखर अर्धी पोकळ असल्याचा याहून चांगला पुरावा त्यांना कुठे मिळणार होता.

"वाजवून तं पाहा," यजमान म्हणाले. आशेनं म्हणाले, न आवडावी म्हणून. मी यांच्याकडे पाहिलं. हे मुद्दाम कॅलेंडर वाचत होते. मी पलंगाच्या कडेला बसले, गिटार मांडीवर घेतली आणि सी धरला. म्हणजे धरायला गेले. एक बोट बसलं, दुसरं बसलं, तिसरं भलत्याच तारेवर जाऊन पडलं. वाजवलं तर भांड्यांच्या कपाटाला धक्का लागल्यासारखा आवाज आला. बाई म्हणाल्या, "वा." यजमान माझ्या हाताकडे बघत होते. मग पलंगावरून सरकत जवळ आले.

"हे बोट कधीपासून असं?"

"गेल्या वर्षीपासून."

"मंग त्याले सुट्टी द्या ना. दोनच बोटं लावा. वरच्या तारा सोडून द्या, खालच्या चारच वाजवा. हो. अशा."

मी दोन बोटं ठेवली. मला ती कॉर्ड माहीत होती, सर, पण तिचं नाव आठवेना. वाजवली. अ‍ॅम्प नाही, काही नाही, आणि ती बोलली. एवढीशीच, शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं असताना बोलावं तितकी. पण स्वच्छ. मी पुन्हा वाजवली. कॅलेंडर वाचणारे हे हलले नाहीत, फक्त त्यांची मान जरा खाली गेली.

त्यानंतर यजमानांना राहवेना. इतका वेळ दोष सांगणारा माणूस तिचं कौतुक करायला लागला. तिचा खालचा आवाज किती गोल आहे, पावसाळ्यातसुद्धा ती कशी सुरात राहते, एका वरातीत पाऊस आला तेव्हा ती कोरडी राहावी म्हणून आपण कसे भिजलो. बाई कपाळाला हात लावून बसल्या. शेवटी ते म्हणाले, देतो, पण तारा मीच बदलून देईन आणि रविवारी येऊन बघून जाईन. "एक रविवार?" मी विचारलं. ते म्हणाले, "पाहू." बाई म्हणाल्या, "न्या जी. गिटार भी जाते आन् रविवारी हे भी जातात. गोधड्यायले दोन्हीची जागा झाली." मी यजमानांना विचारलं, तुम्हीही वरातीत वाजवत होता, मग आमचे सर ठाऊक असतील. तुमचं नाव सांगितलं. त्यांनी ऐकलं नव्हतं. वाईट वाटून घेऊ नका, त्यांनी स्वतःखेरीज दुसऱ्या कुठल्याच गिटारवाल्याचं नाव ऐकलेलं नाही म्हणतात.

गोळी अजून आत आहे. यांनी तार वाकवून, चिकटपट्टी लावून, गिटार उलटी धरून सगळे उपाय केले, आणि मग स्वतःलाच समजावलं की डांबरगोळी हवेत उडून जाते, एक दिवस आपोआप नाहीशी होईल. तोवर मी वाजवताना अंगाला थंडीच्या कपड्यांचा वास येतो. व्यायामाच्या बाईंनी गेल्या महिन्यात माझी बोटं तपासली आणि विचारलं, चेंडू किती वेळ दाबता? मी म्हटलं, बराच. तिसरं बोट आता बोलावलं की येतं. करंगळी येते, पण गाणं पुढे गेल्यावर येते.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. दुकानावरच्या शिकवणीच्या पोरांना ते देऊन काय उपयोग. पण एक गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. ते गृहस्थ दर रविवारी येतात, चहा घेतात, माझं मनगट खाली करतात आणि यांच्याशी तारांच्या जाडीवरून वाद घालतात. मागे एकदा जाताना ते चप्पल घालत होते, आणि मी दारातून म्हटलं, "पुढच्या रविवारी लवकर या, सर." चुकून निघालं तोंडातून. त्यांनी वळून पाहिलं, खूश झाले, गेले. त्यानंतरच्या रविवारी 'सर' म्हटलं ते मात्र चुकून नव्हतं.