दमलेल्या घोड्यांचं काय व्हायचं

बदलापूर. रविवार, १८ जानेवारी, संध्याकाळ

शेजारच्या नीताने आज बाजारपेठेतल्या त्या हेरिटेज वॉकला ओढून नेलं. गाइड मुलगी सांगत होती, पूर्वी घोडेस्वार इथे दमलेला घोडा सोडायचे, ताजा घेऊन पुढे निघायचे, म्हणून बदलापूर. खरं-खोटं तिलाही माहीत नसावं. मी विचारलं, "मग दमलेल्या घोड्यांचं काय व्हायचं?" ती हसली. "मॅडम, ते कोणी सांगत नाही."

दिवसभर तेच डोक्यात. कुठे उभे राहत असतील ते? आता मोबाइलची दुकानं आहेत तिथे? खोगीर उतरवलं तरी कान रस्त्याकडेच?

आत्ता पाहिलं तर बाबा बूट घालून दाराशी बसलेले. त्यांची अंबरनाथची कंपनी बंद पडून जमाना झाला, पण त्यांची शिफ्ट काही सुटत नाही. पुढच्या शिफ्टचा माणूस, त्यांच्या भाषेत बदली, आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही, हा तिथला नियम. म्हणून रोज संध्याकाळी विचारतात, "बदली आला का गं?" मी रोज म्हणते, येईल, बसा.

आज त्या घोड्यांमुळेच असेल, मी बोलून गेले, "आला, बाबा. सुटलात तुम्ही."

"कोण आलाय?"

नाव सुचेना. "मी."

बाबांनी वाकून बूट काढले. "ठीक आहे. तुझा बदली येईपर्यंत हलायचं नाही हं."

आत जाऊन गाढ झोपलेत. मी हे दाराशी बसून लिहितेय. कान रस्त्याकडे.