सारसाचा रकाना

मंगळवार, भाद्रपद. दिवेलागण.

आज मी खोटं बोललो, तेही मला बाबाजी म्हणणाऱ्या पोरीशी. विमानांना पक्षी धडकू नयेत म्हणून ती विमानतळाजवळच्या पाखरांचा अभ्यास करते. माझं काम सोपं. रोज सकाळी बांधावरून पाखरं मोजायची आणि तिनं दिलेल्या वहीत लिहायची. बगळे लिहिले, घारी लिहिल्या. सारसाचा रकाना कोराच ठेवला. जोडीचं घरटं माझ्याच धानात आहे. लिहिलं तर हाकलतील, अन् शेतातला सारस हाकलणं आमच्यात पाप.

आज तीच जोडी शिकाऊ विमानाला आडवी गेली. विमान कसंबसं वाचलं. चालवणारी मुलगी उतरली अन् आधी घरी फोन लावला.

"बाबाजी, सारस एकदाही नाही दिसले?" वही चाळत अभ्यासवाल्या पोरीनं विचारलं.

"नाही ना बाई. डोळे बुढे झाले."

"सुई ओवते हा बुढा अजून!" विमानतळाचा चौकीदार हसला. मी खाली पाहिलं.

कोणाचं पाप टाळत होतो मी? तो कोरा रकाना नजरेपुढून हलत नाही. उद्या सांगेन म्हणतो, पण सकाळी धीर राहील का? म्हणून आत्ताच तिची वही उघडून लिहिलं: सारस दोन. रोज सकाळी, धावपट्टीवरून. घरटं माझ्या धानात. अंडी दोन.