आरती घेऊन पळालो त्याची हकिगत

मुक्काम कारखाना,
नोव्हेंबर १९७०

तीर्थरूप रंगनाथमामांच्या चरणी राधाकृष्णाचा अर्धा नमस्कार (डावा हात भाजलाय, नुसता उजवाच पुढे करतोय).

सोनईला तुमचा गुडघा आणि मामींची म्हैस दोन्ही ठीक असतील. मीही मजेत आहे. नोकरी आहे की गेली, ते मात्र अजून कुणी सांगितलेलं नाही.

तुम्हीच तुमच्या व्याह्यांच्या, म्हणजे चेअरमन सूर्यभानरावांच्या, कानावर घालून मला इथे केमिकल इंजिनिअर म्हणून चिकटवलंत. आल्यापासून माझं एकच पालुपद: साखरेची बारीक धूळ हवेत उडाली आणि तिला ठिणगी भेटली, तर शेडचं छप्परसुद्धा उडतं. लोक पोट धरधरून हसले. आमचा मुकादम बन्सी म्हणाला, "सायेब, साखरंला मुंगी लागती, आग कशी लागंल?" (मुंग्यांचा बंदोबस्तही मग माझ्याच गळ्यात आला.)

तर मंगळवारी हंगामातल्या पहिल्या पोत्यांचं पूजन होतं. चेअरमन येणार म्हणून बन्सीने, मोठ्या भक्तीने आणि मला न विचारता, पोती भरतात त्या शेडच्या तुळयांवर साठलेली धूळ खराट्यांनी झाडायला घेतली. मामा, मी पोचलो तेव्हा आत नुसतं धुकं! त्यात बन्सी आणि त्याची माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढरी, गोड आणि प्रसन्न. आणि दारात चेअरमन. हातात ताट, ताटात मूठभर कापूर, पेटलेला!

आता तिथे शास्त्र समजावायला सवड कुठली? मी ताट हिसकावलं आणि धूम ठोकली.

"आरती पळवली! धरा त्याला!" पुढे मी, मागे चेअरमन, त्यांच्यामागे घंटा वाजवत गुरव (एवढ्या धावपळीतही त्याने घंटा थांबवली नाही, मोठा श्रद्धाळू माणूस), आणि त्याच्यामागे धापा टाकत अख्खं संचालक मंडळ. कारखान्याला पूर्ण वळसा घालून आम्ही उसाच्या गाड्यांत शिरलो. बैल बुजले. ऊसतोडीला आलेल्या कडूबाईने तर माझ्या पळत्या ताटावरून हात फिरवून आरती घेतली आणि लेकराच्या तोंडावरूनही फिरवली. शेवटी मी ताटासकट बैलांच्या हौदात कोसळलो. कापूर विझला. बन्सी आणि त्याची माणसं धडधाकट आहेत हे पाहून मला हौदात बसल्या बसल्या रडू आलं, आणि हसूही. चेअरमनांनी फक्त फेटा सारखा केला आणि म्हणाले, "येत्या मीटिंगीत बघू तुमचं."

मामींना यातलं काही सांगू नका.

आपला भाचा,
राधाकृष्ण

ता. क. खरं काम हे, की तुम्ही ताबडतोब या आणि व्याह्यांपुढे शब्द टाका. नोकरी गेली तर जाऊ दे, पण माझ्या मागे त्या शेडमध्ये कुणी दिवा नेणार नाही, एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या.

ता. क. दुसरा. येऊ नका! पत्र पेटीत टाकणार तोच बन्सी पेढे घेऊन आला. मीटिंग झाली. मंगळवारपासून उसाला साखरेचा उतारा वाढलाय, आणि चेअरमन म्हणाले, "आरतीनं कारखान्याला परदक्षिना घातली, म्हनून!" आता दरवर्षी आरती शेडबाहेरूनच पळवायची, आणि पळायचा मान माझा. तेव्हा कॅनव्हासचे बूट तेवढे पाठवा. धुळीचं अजून कुणालाही पटलेलं नाही. बन्सीने मात्र विचारलं, "सायेब, पुढल्या साली तुळया झाडायच्या कशा?" म्हटलं, ओल्या फडक्याने पुसायच्या, कोरडा खराटा लक्ष्मीला चालत नाही. लगेच पटलं.