शिवडीच्या चिखलात

रविवार, संध्याकाळ

सकाळी मी आणि सतीश चिंचपोकळीहून सायकलने शिवडीच्या खाडीवर गेलो. फ्लेमिंगोंचा जवळून फोटो हवा म्हणून माझा हा शहाणा नवरा चिखलात उतरला आणि मांडीपर्यंत रुतला. भरतीचं पाणी चढत होतं.

"वर ये आता."

"पाय निघत नाहीये गं." पाणी त्याच्या कमरेला लागलं होतं. मी माझी सायकल चिखलावर आडवी ढकलली. तिला धरून, तिच्यावर छाती टेकून तो कसाबसा बाहेर आला. सायकल तिथेच राहिली.

डोळे मिटले की ते पाणी दिसतं. आणि हा म्हणतो, "उद्या ओहोटीला जाऊन आणतो."

त्याच्या सायकलच्या कुलपाची किल्ली मी लपवून ठेवलीय.